१६३ शब्दांची वही

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या आहेत, मुलांना चित्रकला शिकवतात. आई गेल्यावर त्यांच्या वाट्याला बरीच मोठी रक्कम आली. सात महिने ती बचत खात्यात पडून आहे आणि ‘आतल्या आत आटत चाललीय’ असं त्यांना वाटतं. घरातला पैसा आजवर आधी वडिलांनी आणि नंतर दादाने पाहिला. दादा आणि त्याचा गुंतवणूक सल्लागार बोलायला लागले की ताईंना निम्मं कळत नाही. विचारायची लाज वाटते, म्हणून त्या मान डोलावतात. शेवटी त्यांनी एक वही केली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. वहीत आता १६३ शब्द झालेत, पण त्या दोघांचं बोलणं कळण्यात काडीचा फरक पडलेला नाही. ‘तरलता’पुढे त्यांनी ‘पैसा पाण्यासारखा असणे’ असं लिहिलं होतं, ते भाच्याने वाचलं आणि तो खो-खो हसला. सल्लागाराने सात वर्षांच्या एका योजनेचा अर्ज आणून ठेवलाय, सही महिनाअखेरपर्यंत हवी आहे. ताई विचारतात, ‘आधी सगळे शब्द नीट पाठ करू, की दादा म्हणतो तिथे सही करून मोकळी होऊ? आणि निदान कुठले शब्द आधी शिकायचे, ते तरी सांगाल का?’

ताई,

शब्द सांगते, पण त्याआधी मला तुम्हाला तीन प्रश्न विचारायचे आहेत. वही मिटून ठेवा.

पहिला प्रश्न. खात्यात १०० ठेवले, वर्षाला २ टक्के व्याज मिळतं, मधे काहीच काढलं नाही. ५ वर्षांनी खात्यात १०२ पेक्षा जास्त असतील, नेमके १०२ असतील की कमी असतील? दुसरा. खात्यावर वर्षाला १ टक्का व्याज मिळतं आणि महागाई २ टक्क्यांनी वाढते. वर्षभराने त्या पैशांत आजच्याएवढंच घेता येईल, जास्त की कमी? तिसरा. एकाच कंपनीचे शेअर घेणं हे पुष्कळ कंपन्यांचे शेअर असलेला फंड घेण्यापेक्षा साधारणपणे सुरक्षित असतं, हे खरं की खोटं?

उत्तरं अशी: जास्त, कमी, खोटं. तुमची तिन्ही बरोबर आली असतील याची मला जवळजवळ खात्री आहे. रक्कम आतल्या आत आटत चाललीय असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मी विचारायच्या आधीच दिलेलं आहे.

हे प्रश्न माझे नव्हेत. ॲनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोन अर्थतज्ज्ञ बायकांनी ते तयार केले. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत ते पहिल्यांदा विचारले गेले आणि पुढे अनेक देशांत विचारले गेले. त्यातून दिसलेली एक गोष्ट मी वाचली तेव्हापासून मनातून जात नाही. या प्रश्नांवर ‘माहीत नाही’ या चौकटीत खूण करणाऱ्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त असतात. पुढे नेदरलँड्समध्ये अभ्यासकांनी ती चौकटच काढून टाकून पाहिली, तेव्हा त्यातल्या बऱ्याच बायकांनी बरोबर उत्तर दिलं. त्यांना येत होतं. येतं असं म्हणायचा धीर होत नव्हता.

तुमच्या मान डोलावण्यात मला तेच दिसतं. दादापुढे ‘कळलं नाही’ म्हणायची लाज आणि ‘कळलं’ म्हणायची भीती, या दोन्हींच्या मधली ती जागा आहे. ती फार जणींची जागा आहे, आणि अनेक पुरुषांचीही.

आता वहीबद्दल. आधी शब्द पाठ होतील आणि मग समज येईल असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या वर्गात तुम्ही असं करता का? मुलांना ‘यथार्थदर्शन’ या शब्दाची व्याख्या घोकायला लावता, की रस्ता लांब जाताना कसा निमुळता होत जातो ते खिडकीतून दाखवता आणि मग म्हणता, याला यथार्थदर्शन म्हणतात? पैशाचे शब्दही तसेच येतात. आधी वस्तू दिसावी लागते, नाव मागाहून चिकटतं. तुमच्या वहीत १६३ नावं आहेत आणि एकाही नावाखाली वस्तू नाही, म्हणून ती टिकत नाहीत. तुमच्या स्मरणशक्तीत काही खोट नाही.

दुसरं गृहीतक जास्त महागात पडणारं आहे: जे हे शब्द सराईतपणे वापरतात, त्यांना सगळं कळतं. अर्व्हिंग फिशर हे येल विद्यापीठातले प्राध्यापक, त्यांच्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या अर्थशास्त्रज्ञांपैकी एक. व्याज आणि महागाई यांच्या नात्यावर आज जे शिकवलं जातं, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्याच फिशरांनी ऑक्टोबर १९२९ मध्ये सांगितलं की शेअरचे भाव आता एका कायमच्या उंच पठारावर पोहोचले आहेत. काही दिवसांतच बाजार कोसळला. फिशरांची स्वतःची जवळजवळ सगळी संपत्ती त्यात गेली. डाऊ जोन्स निर्देशांक, म्हणजे अमेरिकेतल्या निवडक मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांवरून काढलेला आकडा, त्याला सप्टेंबर १९२९ मधली उंची पुन्हा गाठायला नोव्हेंबर १९५४ उजाडला. शब्द फिशरांना तुमच्या दादापेक्षा आणि त्या सल्लागारापेक्षा नक्कीच जास्त येत होते.

हे मी दादाला कमी लेखायला सांगत नाही. तुमच्या पत्रावरून तो मायेचा माणूस वाटतो. पण सल्लागार बोलत असताना तोही मान डोलावतो असं तुम्हीच लिहिलं आहे. त्याला एकदा एकट्याने विचारून पाहा, ‘दादा, ही योजना मला एकही इंग्रजी शब्द न वापरता सांग ना.’ त्याने सांगितली तर तुमचं निम्मं काम झालं. तो अडखळला, तर तोही तुमच्याच बाकावर आहे हे तुम्हा दोघांना कळेल, आणि ते कळणं तुमच्या रकमेसाठी फार मोलाचं आहे.

आता शब्दांकडे येऊ. मी यादी देत नाही. मी एक कागद घ्यायला सांगते: तुमच्या बँक खात्याचा उतारा.

त्यात दोन रकाने आहेत, जमा आणि नावे. पैसे आले की जमा, गेले की नावे. आता मला सांगा, हा हिशेब कोणाच्या वहीतला आहे? तो बँकेच्या वहीतला आहे. तुम्ही ठेवलेले पैसे बँक तुमच्या खात्यात जमा धरते, कारण ते तिने तुम्हाला द्यायचे आहेत. तुमची ठेव हे बँकेचं देणं आहे आणि तुमचं येणं आहे. कर्ज घेतलं की गाडी उलटी फिरते: तुमचं देणं, बँकेची मालमत्ता. एकच रक्कम, दोन वह्या, दोन नावं. हे एवढं डोळ्यांपुढे उभं राहिलं की तुमच्या वहीतले चार शब्द एकदम सुटतात: जे आपलं आहे किंवा आपल्याला येणं आहे ती ‘मालमत्ता’, देणं ते ‘दायित्व’, दोन्ही समोरासमोर लिहिली की ‘ताळेबंद’, आणि मालमत्तेतून देणं वजा केलं की ‘निव्वळ संपत्ती’. कोणाचं येणं ते कोणाचं तरी देणं असतंच. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायची ही पद्धत लुका पाचोली या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात मांडली. व्यापारी ती त्याच्याही आधीपासून वापरत होते. पाचशे वर्षांहून जास्त काळ टिकली, कारण ती एकच गोष्ट विचारते: कोणी कोणाला द्यायचं?

हाच प्रश्न गुंतवणुकीला लावा. रोखे घेतलेत, मग त्यांना बाँड म्हणा, कर्जरोखे म्हणा किंवा डिबेंचर, तर तुम्ही सावकार झालात. सरकारने किंवा कंपनीने तुम्हाला ठरलेलं व्याज आणि मुदतीला मुद्दल द्यायचं आहे. शेअर घेतलात तर तुम्ही भागीदार झालात. तुम्हाला कोणीही काहीही द्यायला बांधील नाही. नफा झाला, वाटायचं ठरलं, तर लाभांश मिळेल. कंपनी बुडाली तर आधी सावकारांची देणी भागतात आणि उरलंच काही तर ते भागीदाराचं. म्हणून शेअरमध्ये जोखीम जास्त आणि म्हणूनच तिथे जास्त परताव्याची आशाही. पण आशाच, हमी नाही. फंड म्हणजे अनेकांच्या पैशांची बांधलेली मोट. त्या मोटेत रोखे आहेत की शेअर, हे पाहिल्याशिवाय ‘मी फंडात पैसे ठेवलेत’ या वाक्याला काही अर्थ नाही.

सावकारालाही एक धोका असतो, आणि तो भल्याभल्यांना चकवतो. तुमच्याकडे १०० चा रोखा आहे, तो वर्षाला ५ देतो. उद्या बाजारात नवे रोखे ६ देऊ लागले. तुमचा रोखा आता १०० ला कोण घेईल? विकायचाच झाला तर भाव पाडून विकावा लागेल. व्याजदर वर गेले की जुन्या रोख्यांचे भाव खाली येतात, एवढंच ते गूढ. तुमचा रोखा मुदतीपर्यंत तुम्ही धरून ठेवलात आणि देणारा बुडाला नाही, तर तुम्हाला तुमचे १०० मिळणारच आहेत. मधेच विकायची वेळ आली तर मात्र फटका बसतो. याच्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आता मी जरा जास्त वेळ घेणार आहे तो ‘टक्का’ या शब्दावर. हा शब्द तुमच्या वहीत नसेल, कारण तो आपल्या सगळ्यांना येतो असं आपण समजतो. मला विचाराल तर सगळ्यात जास्त फसवणूक याच एका शब्दाच्या आडून होते.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका ठिकाणाहून वर्षभराचं कर्ज घेतलं. दर १० टक्के, असं सांगितलं गेलं. आकडे सोपे करून मांडते: कर्ज १,२००, त्यावर १० टक्के म्हणजे १२०, एकूण १,३२०, बारा हप्ते, दरमहा ११०. मी मनात हिशेब केला, बरोबर निघाला, सही केली. वर्षभराने एका सहकारी बाईंनी तोच कागद पाहिला आणि मला विचारलं, ‘तुझ्याकडे १,२०० किती दिवस होते?’ मी गप्प. पहिला महिनाभर होते. मग हप्ता गेला, मुद्दल घटलं. पुढच्या महिन्यात आणखी घटलं. शेवटच्या महिन्यात माझ्याकडे त्यांचे शंभरएक उरले होते. वर्षभराची सरासरी काढली तर माझ्या हातात साडेसहाशेच्या आसपास होते, आणि व्याज मी पूर्ण १,२०० वर भरत होते. घटत्या शिल्लकीवर मोजला तर तो दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो. कोणी खोटं बोललं नव्हतं. ‘१० टक्के’ हे खरंच होतं. कशावर, हे मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून टक्का दिसला की मी तीन गोष्टी विचारते. कशावर? किती काळाचा? आणि काय काय वजा करून? तुम्हीही विचारा.

‘किती काळाचा’ यातच चक्रवाढ येते. पाचोलीच्या त्याच ग्रंथात एक ठोकताळा आहे: ७२ ला दराने भागा, तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट होतात. ६ टक्के असेल तर १२ वर्षं, ८ टक्के असेल तर ९ वर्षं. हा ठोकताळा फसवणूक ओळखायलाही उपयोगी पडतो. १९२० मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी लोकांना ४५ दिवसांत ५० टक्के द्यायचं कबूल करत होता. ४५ दिवस वर्षात आठ वेळा येतात. १०० चे १५०, मग २२५, असं आठ वेळा करून बघा, वर्षाअखेर अडीच हजारांच्या वर जातात. असा कोणता धंदा आहे जो वर्षात पंचवीसपट करून देतो? पाँझी नव्या लोकांच्या पैशांतून जुन्यांना देत होता आणि त्याच वर्षी त्याचा डोलारा कोसळला. कागद-पेन्सिल घेऊन आठ वेळा गुणाकार केला असता तर कितीतरी घरं वाचली असती.

‘काय वजा करून’ हा प्रश्न तुमच्या अर्जाशी थेट संबंधित आहे. फंड चालवणारे, योजना विकणारे, सगळे दरवर्षी थोडा खर्च कापून घेतात. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. १०० रक्कम ८ टक्क्यांनी ३० वर्षं वाढली तर सुमारे १,००६ होते. दरवर्षी २ टक्के कापले गेले आणि ६ टक्क्यांनीच वाढली, तर ५७४ होते. निम्म्याहून थोडंसंच कमी गेलं, ते या ‘किरकोळ’ दोन टक्क्यांत. अमेरिकेत फंड चालवणारे जॉन बोगल यांनी हा हिशेब आयुष्यभर लोकांपुढे मांडला. १९७६ मध्ये त्यांनी सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला निर्देशांक फंड काढला, म्हणजे कोणता शेअर चांगला हे शोधत न बसता निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवायचे आणि खर्च कमी ठेवायचा. १५ कोटी डॉलर गोळा करायचं ठरवलं होतं, मिळाले जेमतेम सव्वा कोटीच्या आत. आज ती पद्धत जगभर वापरली जाते. माझ्या तिसऱ्या प्रश्नातला फंड आठवा: सगळी अंडी एका टोपलीत नकोत, हे खरंच, पण टोपलीचं भाडंही बघा.

नुकसानीचे टक्के आणखी वेगळे. १०० मधले ५० टक्के गेले, ५० उरले. आता पुन्हा १०० वर यायला ५० टक्के पुरत नाहीत, १०० टक्के लागतात. म्हणून ‘एका वर्षी उणे ५०, दुसऱ्या वर्षी अधिक ५०, सरासरी शून्य’ असं कोणी म्हणालं, तर हिशेब करा: हातात ७५ आहेत.

महागाईबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण बाकीची तुम्हाला येते. ‘महागाई कमी झाली’ अशी बातमी येते तेव्हा वस्तू स्वस्त झालेल्या नसतात. वाढण्याचा वेग कमी झालेला असतो. गेल्या वर्षी १०० ची वस्तू १०८ झाली, यंदा ती १११ झाली. महागाईचा दर ८ वरून जवळपास ३ वर आला, भाव मात्र वरच गेला. बातमी वाचून ज्यांना वाटतं की आपल्यालाच काही समजत नाही, त्यांचं काही चुकलेलं नसतं, त्यांच्या पिशवीला खरं कळलेलं असतं. आणि भाव खरोखर घसरू लागले तर त्याला चलनघट म्हणतात. तीही सुखाची नसते. उद्या आणखी स्वस्त मिळेल म्हणून लोक खरेदी थांबवतात, कर्जदाराचा हप्ता तेवढाच राहतो आणि मिळकत आक्रसते.

व्याजातून महागाई वजा केली की उरतो तो खरा परतावा. ठेवीवर ७, महागाई ६, तर तुम्ही जेमतेम १ टक्क्याने पुढे आहात, आणि कर भरायचा असेल तर कदाचित तेवढ्यानेही नाही. पगार ५ टक्क्यांनी वाढला आणि भाव ७ टक्क्यांनी, तरी माणूस पेढे वाटतो. या भ्रमाला ‘पैशाचा भ्रम’ म्हणून रूढ करणारे तेच फिशर.

वर्तमानपत्रातले मोठे शब्द आत्ता मागे ठेवा, तुमच्या निर्णयाला ते लागत नाहीत. तरी वहीत असतीलच, म्हणून भराभर सांगते. सरकारची तूट, म्हणजे मिळकतीपेक्षा जास्त झालेला खर्च, ही एका वर्षाची, कर्ज हे आजवर साठलेलं. तूट कमी झाली तरी कर्ज वाढतच असतं. व्याजदर २५ बेसिस पॉइंटने वाढला म्हणजे पाव टक्क्याने, पाव टक्का म्हटलं की भीती जाते. दर ४ वरून ५ वर गेला तर एकजण ‘एका टक्क्याने’ म्हणेल आणि दुसरा ‘२५ टक्क्यांनी’, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतील. लागोपाठ दोन तिमाही उत्पादन घटलं की मंदी, असा ढोबळ संकेत आहे, पण अमेरिकेत तो निवाडा तज्ज्ञांची एक समिती बरंच काही पाहून करते.

जीडीपी या शब्दापाशी मात्र क्षणभर थांबा. देशात वर्षभरात जे तयार झालं आणि ज्याचं मोल पैशात झालं, त्याची ती बेरीज. तुम्ही आईचं आजारपण काढलंत, ते या बेरजेत नाही. तेच काम पगारी परिचारिकेने केलं असतं तर असतं. राष्ट्रीय उत्पन्नाचा असा हिशेब सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे ठेवला, तेव्हा त्यांनीच बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं भलं किती झालं हे ठरवता येणार नाही. अर्थव्यवस्था हा आपला प्रांत नव्हे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापैकी कितीतरी जणी तिचा न मोजलेला भाग चालवत असतात.

तर आता तुमचा खरा पेच. शब्द पाठ करत बसायचं, की सही?

दोन्हीची किंमत मोजू. समजा महागाई ६ टक्के आहे. पैसे आणखी तीन महिने काही व्याज न मिळता नुसते पडून राहिले, तर १०० मागे सुमारे दीडची किंमत कमी होईल. बचत खात्यावर थोडं व्याज मिळतं, म्हणजे तेवढीही नाही. उलट न कळलेल्या कागदावर सात वर्षांसाठी सही केलीत आणि मधे पैशांची गरज पडली, तर काय कापलं जाईल हे आत्ता तुम्हाला माहीतच नाही. घाईची किंमत दिसत नाही, पण उशिराच्या किमतीपेक्षा ती मोठी असू शकते. म्हणून या महिन्यात सही करू नका. गुंतवणुकीची चांगली योजना महिनाअखेरीला नासत नाही, आणि तारखेचा धाक घालणाऱ्यावर मी तरी कधी विसंबत नाही.

पण १६३ शब्द पाठ होईपर्यंतही थांबू नका. त्याला अंत नाही. स्वतःला सहा आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात एका कोऱ्या पानावर तुमची येणी आणि देणी लिहा. कर्ज असेल तर त्याचा दर घटत्या शिल्लकीवरचा आहे का ते विचारून घ्या. भारी व्याजाचं कर्ज फेडणं ही बहुतेकांसाठी सगळ्यात खात्रीची गुंतवणूक असते. मग सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा, जिथून एक-दोन दिवसांत काढता येईल अशा जागी. त्या पैशाने कमवायचं नाही, तो नुसता हाताशी असायला हवा. उरलेली रक्कम तोपर्यंत छोट्या मुदतीच्या ठेवीत राहू दे. त्या उरलेल्यातलं काय पाच वर्षांच्या आत लागणार आहे आणि काय लागणार नाही, हे तुमच्याशिवाय कोणालाही ठरवता येणार नाही. लवकर लागणारे पैसे शेअर बाजारात घालू नका, कोणी कितीही गोड बोललं तरी.

मग सल्लागाराला बोलवा, दादालाही बसवा. विचारायला अवघड शब्द लागत नाहीत. या योजनेत मी सावकार आहे की भागीदार? हा टक्का कशावर, किती काळाचा, काय वजा करून? सगळ्यात वाईट वर्षी माझ्या १०० चे किती झाले असते? मी सही केली तर तुम्हाला किती मिळतं? हा शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळेल, मला माहीत आहे. तरी विचारा. प्रामाणिक सल्लागार आकडा सांगतो, आणि ज्याला राग येतो त्याचा अर्ज परत द्यायला मन कचरू देऊ नका. ते सांगतील ते तुमच्या शब्दांत वहीत लिहा आणि त्यांनाच वाचून दाखवा. तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, त्या कागदावर सही नको.

वही फेकू नका. फक्त उजवीकडचे उतरवलेले अर्थ राहू देत आणि त्यांच्याखाली तुमच्या घरातला एक कागद, एक रक्कम, एक तारीख लिहीत जा. ज्या शब्दाखाली लिहायला काहीच सापडत नाही, तो आत्ता तुम्हाला लागत नाही.

आणि ‘तरलता’पुढे लिहिलेलं खोडू नका. ‘पैसा पाण्यासारखा असणे’ याहून चांगलं मला सुचत नाही. बचत खात्यातला पैसा ओंजळीत घेता येतो. घराचा पैसा बर्फ झालेला असतो, तो वितळायला महिने लागतात आणि घाई केली तर भाव पडतो. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे मालमत्ता कमी नव्हती, पण तिचा मोठा भाग लांब मुदतीच्या रोख्यांत गोठलेला होता. व्याजदर वाढल्याने त्या रोख्यांचे भाव मघाशी सांगितलं तसे उतरले होते. ९ मार्च २०२३ या एका दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायला धाव घेतली आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. तिथे हुशार माणसं होती. पाणी वेळेवर हाताशी नव्हतं.

भाच्याला जवळ बसवा, हे त्याला सांगा. मग त्याच्यासमोर त्या ओळीखाली लिहा: ‘अर्जातली योजना. सात वर्षं. दुसऱ्या वर्षी काढले तर १०० चे किती मिळतील?’ पुढची जागा कोरी ठेवा, आणि तो आकडा सल्लागाराकडून लेखी घ्या.